गोळीवरचं दूध

जळगावच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर असोद्याचे हेमराजनाना आणि त्यांच्या पत्नी मंदाबाई बसले होते. नर्सनं नानांचा ताप मोजला आणि कपाळाला आठी घातली.

"नाना, गोचीड चावून आलेल्या तापाच्या गोळ्या सुरू होऊन सहा दिवस झाले, तरी ताप एकशे एक? आता डॉक्टर भरतीच करतील. गोळी चुकली का एखादी?"

"एकबी नाही चुकली, बाई. मी सोता देते. तापाची, कॅल्शियमची, रक्तवाढीची, साऱ्या एकदम. वरून पेलाभर म्हशीचं दूध."

"दुधासोबत?"

"मंग! गोळी गरम असते, माय. दूध नसलं तं पोट जळतं."

"मावशी, दुधानं अन् त्या दोन गोळ्यांनी तापाची गोळी अंगी लागत नाही. पहिल्याच दिवशी मी नानांना सांगितलं होतं."

"यायले सांगितलं व्हतं? काहो, खरं हाय?"

"हाय."

"मंग पेले कायले?"

"तीस वर्सं सारं दूध डेअरीले गेलं. तू पेला घिसन समोर उभी राहिली, तं मले नाही म्हनवलं नाही."



"मावशी, गोळी नुसत्या पाण्यासोबत द्यायची. दूध अन् बाकीच्या गोळ्या तीन तासांनी. मी डॉक्टरांना सांगते."

"सांगा, बाई. तीन तास मी घड्याळ पाहीन. अन् तुम्ही ऐका हो, ताप उतरला तरी दूध भेटीन तुमाले. फक्त तोंडानं मागत जा."