आल्टाच्या मांजरीनं फाडलेली खुर्ची

— झाली म्हणजे? अरे ग्लेन, खुर्ची झाली असं मी कुठं म्हणालो? होत आलीय म्हणालो. माझी आई तीस वर्षं लोकांना सांगत होती, आमच्या इनॉसला वळण लागत आलंय म्हणून — तसंच हे. बस. त्या पिंपावर बस. त्या नाही, त्यात वेत भिजत घातलाय, त्याचं झाकण ओलं — बसलासच. असू दे, वाळेल. न्यूयॉर्क राज्यातल्या त्या खेड्यापर्यंत पाच तास आहेत, तेवढ्यात वाळेल. गाडीचं इंजिन बंद केलंस ना? माझी घोडी बिचकते. तीही माझ्यासारखीच, म्हातारी आणि बावळट, फक्त ती बोलत नाही, म्हणून लोक तिला शहाणी समजतात.

आल्टानं पाठवलं, घाई कर म्हणाली, माहीत आहे. सामान भरून झालं? सगळं? पलंग, गोधड्यांची पेटी, बरण्या — बरण्या नीट उभ्या ठेव हो, बीटाच्या रसातली अंडी असतील त्यात, सांडली तर तुझी गाडी जन्मभर लाल. आणि स्वयंपाकघरातल्या खुर्च्या? त्याही भरल्यास? मग ती बसलीय कशावर? ...बादलीवर! पालथ्या बादलीवर! एकतीस वर्षं उपदेशकीणबाई म्हणून पुढच्या बाकावर ताठ बसलेली बाई आज बादलीवर! हसू नको. मी हसलो तर चालतं, मला लोक हिशेबात धरत नाहीत.

लेकीकडं चाललीय. चांगलं आहे. लेक आहे, नातवंडं आहेत, तिकडंही आमच्या लोकांची वस्ती आहे, हीच गीतं, हीच काळी टोपी. इथं काय होतं तिला? एकटी बाई, एवढं मोठं घर, वाटेवर येणारं-जाणारं कोणी नाही. जाऊ दे. गाडीनं पाच तास. पण आमच्या मंडळीत मोटार ठेवत नाहीत. घोडीनं? घोडीनं किती ते मी काही मोजलेलं नाही. — मोजलंय. नऊ दिवस. आणि पोचेपर्यंत आम्हा दोघांतला एकच जिवंत असेल, आणि तो मी नसेन.

हे बघ, वेत असा ओढायचा, असा खालून घ्यायचा. जोरात ओढला तर तुटतो, सैल सोडला तर माणूस जमिनीवर. दहा दिवस लागत नाहीत याला, बरोबर बोललास. दोन दिवस पुरतात. तू लक्ष फार ठेवतोस, ग्लेन, गाडीवाल्यानं रस्त्याकडं बघावं. ...बरं, सांगतो. झाली होती. गेल्या सोमवारी झाली होती. मग मला वाटलं कोपरा वाकडा आलाय, म्हणून उसवली. गुरुवारी परत झाली. परत उसवली. कोपरा? कोपरा सरळ होता. पन्नास वर्षं खुर्च्या विणतोय, माझा कोपरा वाकडा येतो होय?

तर सांगायचं असं, की ही खुर्ची टायटसची. टायटस म्हणजे आल्टाचा नवरा, गेला त्याला चार वर्षं झाली. माझा दोस्त. म्हणजे मी त्याचा छळ करायचो आणि तो करू द्यायचा, त्याला आम्ही दोस्ती म्हणायचो. तो अडखळत बोलायचा, ठाऊक आहे ना? शब्द ओठापर्यंत यायचा आणि पाहुण्यासारखा उंबऱ्यात अडून उभा राहायचा, या म्हटलं तरी आत नाही, जा म्हटलं तरी बाहेर नाही. मी मात्र बोलबोल बोलायचो. आणि गंमत बघ — रविवारी रात्री तरुण पोरापोरींची गायनाची बैठक संपल्यावर आल्टाला पहिल्यांदा माझ्या बग्गीतून घरी सोडलं ते मीच. दोनदा! दोन रविवार! तिसऱ्या रविवारी मी काय करावं? तिच्या बापाची बग्गी सुटी केली, तंबाखूच्या कोठाराच्या छपरावर चढवली आणि वर पुन्हा जोडली. चारही चाकं, दांड्या, चाबूक जागच्या जागी. सकाळी म्हातारा मंडळीच्या उपासनेला जायला निघाला तर बग्गी आभाळाला टेकलेली. सगळी वस्ती हसली. आल्टासुद्धा हसली, मी बघितलं, टोपीची नाडी तोंडात धरून हसली. पण बाप म्हणाला, याच्या हातात माझी पोर द्यायची म्हणजे तिलाही एक दिवस छपरावरून उतरवायला लागेल. संपलं. वर्षाच्या आत टायटसचं तिच्याशी लग्न. न बोलता कसं जमवलं देव जाणे. बहुतेक म्हणूनच जमलं.

मग मी का नाही केलं? लग्न? अरे, मला वेळ कुठं होता? लोकांच्या बुटांत बेडूक घालायचे होते.

...नाही, आता विचारतोयस ते वेगळं. टायटस गेल्यावर का नाही विचारलं. चार वर्षं ती तिकडं एकटी, मी इकडं एकटा, मध्ये एक मक्याचं शेत. सगळे विचारतात. बिशपनं विचारलं. माझ्या बहिणीनं तर विचारता विचारता प्राण सोडला. मी सांगतो, माझं वय झालं. पण तू आमच्यातला नाहीस, तू आज संध्याकाळी न्यूयॉर्कात असशील — तुला सांगितलं तर शेतातल्या बुजगावण्याला सांगितल्यासारखंच की. रागावू नको, बुजगावणं सगळ्यांत विश्वासू माणूस.

आमच्यात उपदेशक कसा निवडतात ठाऊक आहे? बिशप बाजूच्या खोलीत बसतो, दार किलकिलं. एकेकानं उठायचं, फटीशी जायचं, एक नाव कुजबुजायचं आणि परत यायचं. तीन जणांनी ज्याचं नाव घेतलं तो उमेदवार. मग जेवढे उमेदवार तेवढी गीतांची पुस्तकं टेबलावर मांडतात, एकसारखी, दोऱ्यानं बांधलेली, आणि त्यातल्या एकात चिठ्ठी. ज्याच्या पुस्तकात निघाली तो मरेपर्यंत उपदेशक. पगार नाही, शिकवणी नाही, नाही म्हणायची सोय नाही. देवानं बोट ठेवलं म्हणतात.

त्या दिवशी मी फटीशी गेलो आणि म्हणालो, टायटस सेन्सेनिग.

गंमत! अरे, गंमत म्हणून! जो माणूस दूध मागताना तीनदा अडखळतो त्याचं नाव उपदेशकाला — मला वाटलं, एकच तर मत, बिशप आतल्या आत हसेल, झालं. चार पुस्तकं मांडली. बिशपनं वाचलेल्या चार नावांत टायटसचं होतं. त्यानं तिसरं पुस्तक उचललं. बिशपनं पहिल्याचा दोरा सोडला, काही नाही. दुसऱ्याचा सोडला, काही नाही. टायटसचा सोडला आणि थांबला. बायकांच्या बाजूला कोणीतरी हुंदका दिला. मी मान वर केली नाही. कोणाचा होता ते मला बघायची गरज नव्हती.

बरोबर तीन मतं होती त्याला. बिशपशेजारी मतं मांडायला बसलेल्या जुन्या धर्मसेवकानं मरायच्या आधी मला बोलता बोलता सांगून टाकलं. तीन. दोघांनी मनापासून दिलेली, आणि एक माझं.

पहिल्या रविवारी तो उभा राहिला आणि पहिला शब्द निघेना. बाहेर घोडे खूर आपटत होते तेवढं ऐकू येत होतं. आल्टा मांडीवरच्या हातांकडं बघत बसलेली. कोठारात जाऊन गाईंसमोर बोलायची सवय करायचा तो, या खुर्चीत बसून शनिवारी घामाघूम व्हायचा. एकतीस वर्षं! लोक म्हणतात, त्याच्याइतका चांगला उपदेशक झाला नाही — आणि खरं आहे ते. जे निघायचं ते इतक्या कष्टानं निघायचं की कोणी ते वाया घालवायचं नाही. म्हणजे देवाचं बोट खरं असेल. असेलच. पण ग्लेन, चिठ्ठी देवाची आणि कुजबुज माझी, ती काय देवावर ढकलू? आणि गंमत म्हणालो ना मघाशी... गंमत नव्हती. तो तिच्याशेजारी बग्गीतून उतरायचा, हात पुढं करायचा, आणि ती तो हात धरायची. मला त्याला एकदा, सगळ्यांसमोर, अडखळताना तिला दाखवायचं होतं. एवढंच. एवढंसंच काळं होतं ते, वाटाण्याएवढं.

प्रभुभोजनाच्या दिवशी आम्ही, येशूनं शिष्यांचे धुतले तसे, एकमेकांचे पाय धुतो, जोडीजोडीनं. टायटस दर वेळी माझ्यासमोर यायचा. वर्षातून दोनदा, एकतीस वर्षं — बासष्ट वेळा त्या माणसानं गुडघे टेकून माझे पाय धुतले, पुसले. बासष्ट वेळा माझ्या जिभेवर आलं, की सांगून टाकावं. आणि बासष्ट वेळा मी काय केलं? गुदगुल्या होतात म्हणून हसलो.

...काही नाही. हा वेताचा भुसा डोळ्यांत जातो. दरवर्षीचं आहे.

तेव्हा तिला कुठल्या तोंडानं विचारू? आधी हे सांगायला पाहिजे, आणि हे सांगितल्यावर विचारायला काही उरतच नाही. म्हणून मी आपला खुर्ची विणतो. सातवी वेळ आहे ही, चार वर्षांत! तिचा भाचा खुर्ची आणून टाकतो, बरोबर अंड्यांची बरणी आणि तिची चिठ्ठी; झाली की तोच नेतो, मी शेत ओलांडत नाही. सगळ्या ठेवल्यात, त्या तंबाखूच्या डब्यात — उघडू नको! बरं, उघड. वाच. "इनॉस, मांजरीनं पुन्हा बैठक फाडली. आल्टा." सातही तशाच. मी एकदा उलट लिहून पाठवलं, की तुझ्या मांजरीला मंडळीत घे, तिला प्रभुभोजनाचा पाव कापायचं काम दे — कारण हे बघ, हे जुने तुकडे. किती सरळ कापलेत. नखांनी असं होतं होय? मांजर म्हणावी की सुतार?

काय?

काय म्हणालास? ...मांजर नाही? मेली असेल. ...कधीच नव्हती? अरे, तू काय आत जाऊन — हो, जातोस तू, किराणा ठेवायला, खरं आहे. ...शिंका येतात? मांजर अंगणात आली तरी शिंका येतात तिला? तुझ्या गाडीत एकदा कोणाचं पिल्लू होतं तर पूर्ण रस्ताभर —

सात वेळा. उपदेशकीणबाई सात वेळा खोटं बोलली! हातानं लिहून! पावाच्या सुरीनं स्वतःच्या नवऱ्याची खुर्ची कापली, आणि मी इथं कोपरे उसवत बसलोय... बग्गी छपरावर चढवणाऱ्या माणसाला सात वेळा बनवलं तिनं.

थांब. हात लावू नको तिला. अर्धीच आहे, अशी नेऊ नको. तू जा. मी घोडी जोडतो आणि घेऊन येतो. अर्धा तास लागेल, शेताला वळसा आहे. तेवढा लागेलच मला — पहिला शब्द काढायचा आहे, टायटस कसा काढायचा कोण जाणे. ती ऐकेल आणि तरी तुझ्या गाडीत बसून जाईल. जाऊ दे. तिच्या जागी मीही गेलो असतो. पण ऐकून जाईल.

हसतोस काय? ऊठ. पँट मागून ओली झालीय तुझी, सांगितलं होतं. तिला काही सांगू नको. फक्त एवढं सांग, इनॉस येतोय, खुर्चीला बैठक नाही. आणि खुर्च्या सगळ्या तू भरल्यास ना — तर आणखी एक बादली पालथी घालून ठेव म्हणावं. जा आता. जा ना.