खडीनं धुतलेलं भांडं

दुरुस्तीच्या दुकानात बिघडलेली इस्त्री घेऊन बसलेल्या शिक्षिकेचे कान पुढच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे लागले होते. कारागिरानं त्यांच्या मिक्सरचं भांडं उजेडात धरलं.

"पात्याची पार वाट लागलीय. काय दळलंत यात?"

"यांना विचारा. मी आठवडाभर दवाखान्यात होते."

"दळलं काही नाही. ही घरी येणार होती, म्हणून धुतलं फक्त."

"धुतल्यानं पातं तुटत नाही, काका."

"पाणी घातलं, मूठभर खडी टाकली आणि फिरवलं."

"खडी?"

शिक्षिका इस्त्री सावरत जरा पुढे सरकली.

"जन्मभर काँक्रीटच्या मिक्सरवर काम केलं. तो आम्ही असाच धुवायचो. चिकटलेलं सगळं सुटून येतं."

"अहो काका, त्याची पाती केवढी जाड, ही केवढीशी."

"ते आवाज आल्यावर लक्षात आलं."

"घरात घासणी होती ना?"

"कुठे ठेवतेस, ते माहीत नव्हतं."

"मग फोन करून विचारायचं, काका."

"केला होता. नर्स म्हणाली, त्यांचा आत्ताच डोळा लागलाय."

कारागिरानं भांडं खाली ठेवलं.

"नवं पातं बसवा," काकू त्याला म्हणाल्या. मग नवऱ्याकडे न बघताच म्हणाल्या, "घासणी नळामागे असते."