काळा मॉनिटर आणि इन्नंबूरची बस

मेलकावेरीच्या बसस्टॉपवर माझ्या पुढचे नवराबायको आमच्या तंजावरी मराठीत भांडत होते. इथे तमिळ मुलखात कोणाला कळतंय, असा त्यांचा भ्रम! मी कान दिला.

“सहाना, कॉम्प्युटर सुरू होतो, पण मॉनिटर काळाच. इन्नंबूरच्या वेंकटेशकडून पेनड्राइव्ह आणतो. सगळं पुसून लिनक्स नव्यानं घालतो.”

“अहो, अकराला त्यावरच माझी नोकरीची मुलाखत आहे! काल आयुधपूजेत कॉम्प्युटरला चंदन-कुंकू लावताना मॉनिटरची वायर कोणी काढली?”

“मीच. परत लावलीही.”

“शेजारच्या भोकात. मी सकाळी बदलली, मॉनिटर लागला.”

“मला न विचारता? चल घरी, सेटिंग तपासतो.”

“म्हणूनच तुम्हाला बसवर सोडायला आले. वेंकटेशकडे जेवूनच या. चढा, बस आली.”