खाला बोललीच नाय

आमचं गाव पालीपासनं आत, डोंगर चढून. बाबा मुंबईला, आय भातशेती बघायची, नि आमच्याकडे लस टोचायला एक नर्सबाई यायची, तिला सगळे मान द्यायचे, ते बघून माझ्या डोक्यात बसलं की आपण पण नर्स व्हायचं. तर रत्नागिरीत शिकले नि ऐंशीच्या पुढं कधीतरी तिथंच एका इस्पितळात लागले. बायकांचा वॉर्ड.

काय सांगू तुमाला, माणसं खूप बघितली, पण खाला ती खाला. खाला म्हणजे मावशी, सगळा वॉर्ड तिला तसंच म्हणायचा. खाडीकाठच्या गावातली, सत्तरीची, घरवाला जन्मभर बोटीवर, मुलगा दुबईला. विहिरीवर घसरली नि मांडीचं हाड मोडलं. पायाला वजन बांधून झोपवलेली, हलायचं नाय, म्हणून लघवीला नळी. ती मीच घातली. घातली नीट, स्वच्छ, पण मांडीवरनं घेऊन चिकटवायची ती घाईत मांडीखालनं गेली, नि माझ्या ध्यानातच आलं नाय.

दोन दिवस मी विचारायचे, खाला, बरं हाय ना? ती म्हणायची, बरं हाय गो पोरी, तू जेवलीस काय? तिसऱ्या दिवशी अंग पुसताना पाय जरा उचलला नि बघते तर काय. नळीचा लालबुंद वळ, बोटभर लांब, फोड यायच्या बेतात. मी म्हटलं, खाला, एवढं टोचत होतं तर बोललीस का नाय? तर म्हणते कशी, बोलले असते तर मोठ्या बाईनं तुला सगळ्यांसमोर झापली असती, तू नवी हायस.

मला रडूच आलं. मोठ्या सिस्टरबाईंकडे मीच गेले, म्हटलं, चूक माझी हाय. त्यांनी येऊन वळ बघितला, म्हणाल्या, आता काय करायचं ते तू सांग. मी म्हटलं, वरनं घेऊन चिकटवता येईल, पण काढूयाच. नळी असताना नमाज पढायला तिचं मन घेत नाय. आम्ही दोघी कंबर उचलून भांडं देऊ, पाय हलू देणार नाय. डॉक्टर म्हणाले, काढा, पण दुपारपर्यंत लघवी झाली नाय तर परत घालावी लागेल.

काढली. अकरा वाजले, बारा वाजले, होईना. मग पडदा ओढला, भांडं गरम पाण्यानं ऊन करून दिलं, मोरीतला नळ सोडून ठेवला. आणि थोड्या वेळानं पडद्याआडनं खाला ओरडली, झाली गो झाली! सगळा वॉर्ड हसला, सिस्टरबाईसुद्धा. मी तिला धुऊनपुसून स्वच्छ केली नि तिनं पडल्यापडल्या नमाज पढला. बरी होऊन घरी गेली हो ती, काठी टेकत.

आता मी रिटायर, गुडघे धरलेत, सून करते सगळं, तक्रार नाय. नोकरीत मला ओरडणारे पुष्कळ भेटले, ते विसरले. माझ्यासाठी गप्प राहिली ती एकच, ती विसरता येत नाय. अल्ला म्हणा, देव म्हणा, तिला सुखात ठेवो. आणि तुमच्या घरात कोण आजारी असलं नि बरं हाय म्हणालं ना, तरी चादर जरा उचलून बघा हो.