असू दे

दवाखान्यात गुडघा चोळत बसलेल्या मावशींच्या शेजारी एक जोडपं होतं. नवरा मांडीवरच्या लॅपटॉपवर करवादत होता.

"ही प्रोग्रामिंगची भाषा म्हणजे डोक्याला ताप नुसता! एक व्हेरिएबल लिहून ठेवलं आणि वापरलं नाही, तर बया पुढे सरकूच देत नाही."

"मग काढून टाक."

"पुढे लागेल गं. ही बघ, अशी एक खूण केली, की गप्प बसते. म्हणजे, माहीत आहे मला, असू दे."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग तुझ्या आईंनाही शिकव ना. रोज विचारतात, बाळच राहिलं नाही, तर पाळणा कशाला घरात?"

लॅपटॉप हळूच मिटला.

मावशींचा नंबर पुकारला गेला. त्या उठल्याच नाहीत.