मागं उभी असलेली बाई

हॅलो?… हां, तेजू… नाय गं, फुटलं काय नाय. डब्याचं झाकण पडलं हातातनं. घरात एवढं चिडीचूप व्हतं, आन् एकदम तुझा फोन वाजला… हो. दचकले.

पोचली की तुझ्या चित्राच्या कॉपीची फ्रेम! कालच पोचली, एस्टीच्या पार्सलनं. तुझ्या दाजींनी लगेच खिळा ठोकला, टीव्हीच्या वर. लई हुबेहूब काढलंस गं. साडीवर घातलेला यांचा जुना शर्ट, त्याचं तुटकं बटनसुद्धा सोडलं नायस… अक्षू? ती सकाळपासून चित्रासमोरच लोळती. ताप हाय तिला. एकशे एक… दिलंय, औषध दिलंय. सासूबाईही नायत घरात. कळंबला गेल्यात, साखरपुड्याला.

बरं, प्रदर्शनाचं सांग… काय? पहिलं बक्षीस? अगं बया! आईला केलास का फोन?… आन् लोक काय म्हणतात?… परत म्हण… "काय प्रेम आहे नवराबायकोचं"?

…नाय. हसत नाय मी. खरंच नाय.

तेजू, ऐक ना. दिवाळीत तू बांधावर बसून काढत व्हतीस, आठवतं? हे खाली वाकून गाईंसाठी घास कापतायत, मी मागं काठी घेऊन उभी. तू म्हणालीस, ताई, अर्धा तास हलू नको. हलले का मी?… ते तुझ्यासाठी नव्हतं गं. तुझंच चित्र नीट बघ. माझी नजर यांच्यावर हाय का?… हां. यांच्या डोक्यावरनं पलीकडं. उसात. वाकलेला माणूस बिबट्याला शेरडागत दिसतो. म्हणून एकानं कापायचं, दुसऱ्यानं मागं उभं राहायचं. निमगावात सगळी जोडपी अशीच दिसतील तुला.

…प्रदर्शनातली कोण बाई? आमच्या गळ्यातला दागिना कुठला विचारती? अगं खिळ्यांचा पट्टा म्हणावं तो, बिबट्यानं मानेला धरू नये म्हणून! आवडला असंल तर या म्हणावं न्यायला, हितं घरटी दोन-दोन हायत.

नाय… कुठं काय? नेहमीसारखाच हाय माझा आवाज…

बरं, सांगते. हे घासाला गेलेत. एकटेच… मग काय करू? पोरीला तापात एकटी टाकू, का खांद्यावर घेऊन उसाकडंला उभी राहू? गाई दुपारपासून हंबरतायत. म्हणाले, वीस मिनिटांत आलो, तू कडी लाव… साडेपाचला. आता?… सव्वासहा झाले.

हो, हो… माहितीय मला. मोबाइलवर भजनं लावलीत त्यांनी, मोठ्यानं. माणसाचा आवाज असला की ते जनावर लांब राहतं. हितं ओट्यापर्यंत ऐकू येतं, म्हणून तर टीव्ही बंद ठेवलाय मी… परवा भागूबाईची शेळी नेली की. दिवसाउजेडी, तिच्या डोळ्यांदेखत.

…अगं. पट्टा. तेजू, यांचा पट्टा हितंच हाय. खुंटीला. म्हणजे न घालताच…

थांब. बोलू नको. थांब जरा…

भजन ऐकू येत नाय… वारा कसला? पानसुद्धा हलत नाय. मघाशी येत व्हतं, आता नाय… चार्जिंग संपलं असंल. हो. तसंच असंल. तू एक कर, शेजारच्या कुणाचा तरी फोन घे आन् यांना लाव. मी हा ठेवत नाय. मला ठेवायचा नाय… लावलास?

रिंग जाती?

…मग चार्जिंग संपलेलं नाय, तेजू.

अजून एकदा लाव… लाव ना… मी खिडकीपाशी आलेय. दिसत काय नाय, नुसता ऊस काळा दिसतोय. अहो!… अहोऽ! ऐकताय का!… नाय गं, ओ देत नायत… सयाजीभाऊ! ओ सयाजीभाऊ! आमच्या घासात जाता का जरा? बॅटरी घ्या! एकटे हायत हे!… निघाले. निघाले शेजारचे भाऊ, काठी घेऊन. पळतायत… तू लावत राहा. उचलला का?… नाय?

काय गं अक्षू? उठू नको, गार लागंल, पांघरूण घे… मावशी हाय फोनवर. चित्र काढलं ना, ती मावशी… हो बाळा, ती मीच हाय… आन् ते पप्पा, हो. वाकलेत ते… हो, मी मागं उभी हाय, काठी घेऊन. पप्पांना काय होऊ नये म्हणून… काय?

…काय म्हणालीस?

तेजू… ऐकलंस का? ही विचारती, मग आज पप्पांच्या मागं कोण उभं हाय…