व्याह्यांच्या गाडीबाबत पुरवणी जबाब

मी पुंजाजी सुखदेव तायडे, वय चौसष्ट वर्षे, धंदा एसटीचा सेवानिवृत्त चालक, राहणार मिलिंद नगर, चांदूर बाजार, जिल्हा अमरावती. पोलीस स्टेशनला समक्ष हजर राहून पुरवणी जबाब देतो की, माझी पत्नी ललिता हिच्या मृत्यूबाबत मी दवाखान्यात दिलेल्या पहिल्या जबाबात 'आजारपणाने मृत्यू, कोणावर संशय नाही' असे सांगितले होते. तेव्हा माझे व्याही शालिकराम इंगळे, राहणार अकोला, माझ्या शेजारी उभे होते. ते सांगणे अर्धेच होते.

ललिताच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याने तिला दर सोमवारी व गुरुवारी डायलिसिससाठी अमरावतीला न्यावे लागे. एसटीचे धक्के तिला सोसेनात, म्हणून मी एखादी जुनी गाडी पाहत होतो. शालिकराम यांनी नवी गाडी घेतली होती. त्यांची जुनी, बॅटरीवर चालणारी गाडी ते मला विकायला तयार झाले. बाहेर काहून शोधता, घरची गाडी घरातच राहील, बॅटरीची वॉरंटीही अजून वर्षभर शिल्लक आहे, असे ते म्हणाले. मी पूर्ण रक्कम दिली.

एसटीत मी तीस वर्षे गाडीचे दुखणे आवाजावरून ओळखले. ही गाडी आवाजच करीत नाही, तिची नाडी धरायची कुठे? म्हणून घेण्याआधी ती कंपनीच्या शोरूमला दाखवावी असे माझ्या मनात होते. ललिता नको म्हणाली. व्याह्यांकडून घेतलेली वस्तू आमच्यात तपासून घेत नाहीत, मुलीच्या बापाने तर नाहीच. माझी मुलगी नीलम त्यांच्या घरात सून आहे. मी कागदांवर सह्या केल्या, चहा घेतला आणि गाडी घेऊन आलो.

हिवाळ्यात ती चालता चालता दोनदा बंद पडली. अमरावतीच्या शोरूमला नेली असता तिथल्या माणसाने संगणकावर पाहून सांगितले की, गाडी आदल्या पावसाळ्यात पुराच्या पाण्यात उभी होती. मालकाने बॅटरी बाहेरच्या मेकॅनिककडून उघडून घेतली, त्यात कंपनीचे सील तुटले. कंपनीने वॉरंटी तेव्हाच रद्द करून मालकाला तसे कळवलेही होते. म्हणजे गाडी माझ्या गळ्यात मारली तेव्हा शालिकराम यांना सगळे ठाऊक होते. नवी बॅटरी माझ्या ऐपतीबाहेरची होती. गाडी लांब नेऊ नका, असे त्या माणसाने बजावले.

मी शालिकराम यांना फोन केला. ते म्हणाले, "सोयऱ्याधायऱ्यात वॉरंटी काय पायता, भाऊ? तुमची पोरगी आमच्या घरी सुखात हाय, ते पाहा." धमकी कशाला म्हणतात ते मला कळते. त्यानंतर नीलमचे फोन कमी झाले. बोलताना तिच्याजवळ कोणीतरी बसलेले असावे असे वाटे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून आम्ही नवरा-बायको गप्प बसलो. नीलमला वॉरंटीचे काहीच सांगितले नाही.

काही दिवस मी भाड्याची गाडी केली. पण व्याह्यांची गाडी दारात उभी आणि आम्ही भाड्याच्या गाडीत, हे गल्लीने पाहिले. ही बातमी अकोल्याला पोचली तर बोलणी नीलमला खावी लागतील, अशी धास्ती ललिताने घेतली. तिनेच मला दारातली गाडी काढायला लावली. मी काढली. शोरूमवाल्याने बजावलेले असूनही काढली, याबद्दल मला सर्वांत जास्त राग माझाच येतो.

घटनेच्या सोमवारी आम्ही डायलिसिसला निघालो होतो. आसेगावच्या पुढे गाडी एकाएकी बंद पडली. पडद्यावर निम्म्याहून जास्त चार्जिंग दिसत होते. मे महिन्याचे ऊन, एसी बंद, रस्त्यावर सावली नाही. ललिताला धाप लागली. मी ॲम्ब्युलन्सला फोन केला, तेवढ्यात मागून आमच्याच गावची एसटी आली. प्रवाशांनी ललिताला उचलून मागच्या सीटवर निजवले. कंडक्टरने आमचे तिकीट काढले नाही. ती मला म्हणाली, "नीलमले गाडीचं सांगू नका. म्हणा, माहा जीवच घाबरला होता." वलगाव येण्याआधी ती गेली.

ललिताचा जलदान विधी आटोपल्यावर शालिकराम म्हणाले की, आसेगावहून ओढून आणून दारात लावलेली गाडी ते परत नेतात, आता तिचे काय काम. त्यांना इतकी घाई का, म्हणून नीलमने मला घरात नेऊन विचारले. मी पहिल्यांदाच सगळे सांगितले. ती रडली नाही. म्हणाली, "मले न इचारता तुमी दोघं माहं घर वाचवत होते काय, बाबा?" मी उठून बाहेर आलो. गाडी मी नेऊ दिली नाही, ती दारातच उभी आहे, ताब्यात घ्यावी.

वॉरंटी रद्द झाल्याचे लपवून नादुरुस्त गाडी विकल्याबद्दल शालिकराम इंगळे यांच्याविरुद्ध माझी तक्रार आहे. वरील मजकूर हवालदारांनी मला व सोबत आलेल्या नीलमला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच उतरला आहे, म्हणून सही करतो. नीलमचाही जबाब घ्यायचा असल्याने साहेबांनी तिला राहण्याचा पत्ता विचारला. तिने अकोल्याचा सांगितला नाही, चांदूर बाजारचा सांगितला.